लॅपटॉपपुढं बसलेली सून दिवसभर करते तरी काय?



वाडीत काय, कुरुंदवाडात काय आणि जयसिंगपुरात काय, गल्लीगणिक आता एखादं तरी घर असं आहे की ज्या घरातलं कुणीतरी 'आयटी'त आहे. कुणाचा मुलगा हिंजवडीला, कुणाची भाची बंगळूरला. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ही मुलं-मुली लॅपटॉप घेऊन घरी आली. काही परत गेली, काही अजून इथूनच काम करतात. त्यामुळं जे काम आपण कधी पाहिलं नव्हतं ते आता माजघरात बसून चालतं. दिसतं काय? सून सकाळी दहाला कानाला हेडफोन लावून बसते, मधूनमधून इंग्रजीत बोलते, टकटक टाइप करते. अंगाला माती नाही, हाताला फोड नाही. आणि संध्याकाळी चेहरा बघावा तर दिवसभर ऊस तोडून आल्यासारखा. काय झालं विचारलं तर म्हणते, "काही नाही अहो आई, कामाचं टेन्शन." मग आपल्याला वाटतं, सावलीत बसून कसलं एवढं टेन्शन?

मी स्वतः सतरा वर्षं हेच काम करते. पहिली बारा पुण्यात आणि नंतरची बरीचशी इथून, वाडीतून. आज त्या 'टेन्शन'ची गाठ सोडवून एकेक धागा तुमच्यापुढं ठेवणार आहे. कारण साधं आहे. दहा-पंधरा वर्षं अनुभव झालेली बाई नोकरी सोडायचा विचार करते तेव्हा तो विचार एकटीचा राहत नाही. सासू, नवरा, आई, वडील, सगळे सल्ला देतात. पण तिला नेमकं काय टोचतंय हे सल्ला देणाऱ्यांना माहीत नसतं. आणि पुष्कळदा तिलाही ते नीट सांगता येत नाही.

आधी काम काय ते बघू. कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. आपल्या पेढ्याच्या दुकानातलं बिलाचं मशीन घ्या. पाव किलो पेढे म्हटलं की दर गुणिले वजन, झालं बिल. पण दर बदलला तर? गिऱ्हाइकानं अर्धे पैसे रोख आणि अर्धे फोनवरून दिले तर? बिल निम्मं झालं आणि वीज गेली तर? अशा प्रत्येक 'तर'चं उत्तर कुणीतरी आधी बसून, विचार करून, लिहून ठेवावं लागतं. त्या लिहिण्याला कोड म्हणतात आणि ते लिहिणारा तो डेव्हलपर. दुकानाच्या मशीनला काही हजार ओळी पुरतात. बँकेच्या, रेल्वेच्या कामाला लाखो ओळी लागतात, आणि त्या शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं मिळून लिहिलेल्या असतात.

इथंच पहिला जाच सुरू होतो. लोकांना वाटतं, अनुभवी डेव्हलपर रोज काहीतरी नवं घडवत असेल. प्रत्यक्षात तिचा बराच दिवस दुसऱ्यानं लिहिलेलं वाचण्यात जातो. जुन्या वाड्यात वायरिंग करायला आलेल्या माणसासारखं. कुठली वायर कुठं गेली आहे, हे बटण दाबलं की माडीवरचा दिवा का जातो, काही कळत नाही. ज्यानं केलं तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला. कागदावर काही लिहून ठेवलेलं नाही. ठेवलं असेल तर एवढंच, की 'याला हात लावू नये'. का लावू नये, ते नाही. नव्या पोराला असं काम दिलं तर तो गांगरतो, म्हणून असली जुनी कामं अनुभवी माणसाकडं येतात. नवं, छान, नाव होईल असं काम नव्यांना, आणि जुन्या भिंतींची ओल शोधायचं काम हिच्याकडं.

जुनं लिहिलेलं किती टिकतं याचं मोठं उदाहरण साऱ्या जगानं पाहिलं आहे. साठ-सत्तरच्या दशकात कॉम्प्युटरची मेमरी फार महाग होती. म्हणून साल लिहिताना चारऐवजी दोनच आकडे ठेवायची पद्धत पडली. १९७२ ऐवजी नुसतं ७२. लिहिणाऱ्यांना वाटलं, हे प्रोग्राम २००० सालापर्यंत थोडेच चालणार आहेत! पण ते चालत राहिले. मग १९९९ नंतरचं '००' म्हणजे १९०० की २०००, हे कॉम्प्युटरला कळणार कसं? ते निस्तरायला जगभर हजारो माणसं बसली आणि आपल्या भारतातल्या कंपन्यांना नव्वदच्या दशकात त्यातून भरपूर काम मिळालं. आपल्या पोरांना आयटीचं दार उघडलं त्यात या दुसऱ्यांच्या जुन्या ओळी दुरुस्त करण्याचा मोठा वाटा आहे. ते काम आजही संपलेलं नाही. फक्त त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

दुसरा जाच लक्ष मोडण्याचा. हा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. खवा आटवताना कढईपुढून उठता येतं का? उलथनं फिरवत राहावं लागतं. दोन मिनिटं दारात कुणाशी बोलायला गेलं की खाली लागलाच. कोडचं तसंच आहे. एक चूक शोधायची तर डोक्यात दहा गोष्टी एकदम धराव्या लागतात. ही माहिती इथून आली, तिकडं गेली, मधे हिचं नाव बदललं, मग ती तिथं साठवली. ही माळ डोक्यात ओवायलाच अर्धा तास लागतो. तेवढ्यात फोन वाजतो, किंवा पडद्यावर कोपऱ्यात कुणाचा तरी मेसेज येतो, 'दोन मिनिटं आहेत का?' दोन मिनिटं देऊन परत यावं तर माळ तुटलेली. पुन्हा पहिल्या मण्यापासून.

आणि अनुभव जितका जास्त तितके हे 'दोन मिनिटं'वाले जास्त. सकाळी टीमची मीटिंग, मग मॅनेजरची, मग दुसऱ्या टीमला काही अडलं म्हणून, मग नव्या माणसाच्या मुलाखतीला बसायचं म्हणून. प्रत्येक ठिकाणी 'तुम्ही सीनियर आहात, तुम्ही हव्यातच.' संध्याकाळी सहा वाजता हिशेब करावा तर दिवसभर सगळ्यांची अडलेली कामं मोकळी केली आणि स्वतःच्या नावावरचं एकही झालं नाही. ते मग रात्री, सगळी निजल्यावर. आठवड्यानं मॅनेजर विचारतो, "तुमचंच काम मागं का?"

त्यात गिऱ्हाईक अमेरिकेचं असेल तर घड्याळ वेगळंच. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. तिथं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासानं पुढं-मागं करतात. त्यांनी तिकडं काटा फिरवला की इकडं वाडीत भाकरी टाकायची वेळ सरकते. दिवेलागणीला, मुलाच्या अभ्यासाच्या वेळेला, पाहुणे टेकले असताना तिची मीटिंग सुरू होते. ती मुद्दाम ती वेळ निवडत नाही. ती निवडलेली असते समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी सकाळनं.

तिसरा जाच म्हणजे 'किती दिवस लागतील?' हा प्रश्न. साधा वाटतो, पण आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं यावरून होतात. आपण नदीकाठचे लोक आहोत, आपल्याला हे समजायला सोपं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी चढलं तेव्हा प्रत्येक घरात हाच प्रश्न होता, पाणी उतरायला किती दिवस? जाणती माणसं काय म्हणायची? कोयनेतून किती सोडलंय बघा, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत बघा, खाली अलमट्टीतून पुढं किती जातंय बघा, वर पाऊस थांबतोय का बघा. मग म्हणायची, चार दिवस तरी, आठही लागतील. 'शनिवारी दुपारी चारला उतरेल' असं कुणी शहाणा माणूस बोलला नाही. कारण निम्म्या गोष्टी आपल्या हातात नाहीत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

सॉफ्टवेअरचा अंदाजही असाच असतो. उघडून बघितल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही. विहीर खणताना खडक किती फुटांवर लागेल ते वरून दिसत नाही, तसं. अनुभवी बाई म्हणते, "साधारण दोन ते चार आठवडे." मॅनेजर वहीत लिहितो, दोन आठवडे. तो वरच्याला सांगतो, वरचा गिऱ्हाइकाला सांगतो. तिचा अंदाज वर जाता जाता वचन होऊन बसतो आणि तेच वचन डेडलाइन म्हणून तिच्या डोक्यावर परत येतं. चौथा आठवडा उजाडला की उशीर तिच्या नावावर.

उशीर झाला की वरून उपाय येतो, आणखी माणसं देतो. या उपायाचं काय होतं ते फ्रेड ब्रुक्स नावाच्या अमेरिकन माणसानं पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. आयबीएम कंपनीच्या एका अवाढव्य सॉफ्टवेअरचं काम त्यांनी साठच्या दशकात सांभाळलं होतं. १९७५ साली त्यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक आलं. आधीच उशीर झालेल्या कामावर नवी माणसं घातली की काम आणखी लांबतं, असा त्यांचा अनुभव होता. का? कारण नव्या माणसांना शिकवायला जुनीच माणसं हातातलं काम टाकून बसतात, आणि माणसं वाढली की एकमेकांशी बोलून घ्यायच्या गोष्टीही वाढतात. त्यांनी दिलेलं उदाहरण तर आपल्याच घरातलं आहे. मूल व्हायला नऊ महिने लागतात, बायका कितीही कामाला लावल्या तरी. हे पुस्तक आमच्या क्षेत्रात सगळे वाचतात, तरी दर वर्षी कुणीतरी मॅनेजर 'दोन माणसं जास्त घ्या आणि महिन्यात संपवा' म्हणतोच.

चौथा जाच, मधेच बदल. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना विचारा. ब्लाउजचं कापड कापून झालं, टीप मारत आणली, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "ताई, बाही जरा कोपरापर्यंत करा की, एवढंसं तर आहे." एवढंसं! कापलेलं कापड लांब कुठून होणार? तेच आमच्याकडं. पडद्यावर एक चौकोन वाढवायचा, बघणाऱ्याला वाटतं पाच मिनिटांचं काम. पण त्या चौकोनात भरलेली माहिती साठवायची कुठं, ती कुणाला दिसावी, कुणाला दिसू नये, जुन्या लाखो नोंदींत तो रकाना रिकामा आहे त्याचं काय करायचं, हे सगळं त्या चौकोनामागं उभं असतं. कापड बदलतं, माप बदलतं, फक्त तारीख बदलत नाही.

मापावरून एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेच्या नासा संस्थेनं मंगळाकडं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नावाचं यान पाठवलं होतं. २३ सप्टेंबर १९९९ ला ते मंगळापाशी पोचलं आणि हरवलं. तपासात निघालं काय? एका गटाच्या सॉफ्टवेअरनं आकडे पौंडाच्या मापात दिले आणि दुसऱ्या गटानं ते न्यूटन या मेट्रिक मापातले समजून वापरले. एकीनं वाटीनं मोजलं, दुसरीनं पावशेरानं, आणि दोघींना वाटलं माप एकच. दोन्ही गट हुशार होते. मधल्या निरोपात घोटाळा झाला. म्हणून अनुभवी डेव्हलपर पुन्हा पुन्हा खोदून विचारते, "म्हणजे नक्की काय? हे रुपयांत की डॉलरमध्ये? तारीख कुठल्या देशाची?" तेव्हा मीटिंगमधले लोक वैतागतात, "या फार फाटे फोडतात." फाटे फोडणं हेच तिचं काम आहे. पण ते काम बोलून दाखवायची चोरी.

पाचवा जाच रात्रीचा. तुम्ही सगळ्यांनी २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरले असतील. 'सर्व्हर डाऊन' हा शब्द त्या दिवसांत घराघरांत पोचला. पुष्कळजणींनी रात्री उशिरा, पहाटे उठून फॉर्म भरले. सर्व्हर डाऊन म्हणजे काय होतं? सर्व्हर म्हणजे लांब कुठंतरी ठेवलेला मोठा कॉम्प्युटर, जो सगळ्यांच्या मागण्या एकेक करून पुऱ्या करतो. दक्षिणद्वार सोहळ्याची वर्दी मिळाली आणि सगळं गाव, भोवतालची खेडी, सांगली-मिरज, सगळे एकाच घटकेला देवळाच्या दारात उतरले तर काय होईल? रांग पुढं सरकणारच नाही. तसं लाखो बायकांनी एकाच वेळी बटण दाबलं की यंत्र गुदमरतं. आपण इकडं सेवा केंद्रात बसून त्याला नावं ठेवतो. ठेवावीत, आपला दिवसभराचा रोज बुडालेला असतो. पण अशा वेळी त्या यंत्रापाशी कुणीतरी डोळे ताणून बसलेलं असतं आणि त्याला दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारत असतं, "झालं का?"

१९ जुलै २०२४ ला तर जगभर हाहाकार झाला. क्राउडस्ट्राइक नावाची कंपनी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर देते. तिनं पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळं सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर एका झटक्यात बंद पडले. विमानं अडकली, आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चुकीची फाइल कंपनीनं तासा-दीड तासात मागं घेतली, पण बंद पडलेले कॉम्प्युटर ठिकठिकाणच्या माणसांना एकेक करून हातानं चालू करावे लागले. अशी वेळ कधीही येते, म्हणून बऱ्याच कंपन्यांत पाळीपाळीनं 'ऑन-कॉल' राहावं लागतं. त्या आठवड्यात फोन उशाशी. रात्री अडीचला वाजला तर उठून लॅपटॉप उघडायचा. नाही वाजला तरी झोप सशाचीच.

यातलं खरं दुखणं वेगळंच आहे. पाणी नळाला रोज येतं तेव्हा पाणी सोडणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. एक दिवस नाही आलं की सगळे त्याच्या दारात. तिनं वर्षभर दहा संकटं येण्याआधीच थोपवली, तर ती दिसतच नाहीत, कारण ती आलीच नाहीत. अकरावं आलं की ते तिच्या अप्रेझलमध्ये लिहिलं जातं. घरातल्या बाईच्या कामासारखंच आहे हे. घर नीट चाललेलं असतं तोवर ते कुणी चालवतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे आमच्यासारख्या बायकांना हे दोन्हीकडं भोगावं लागतं, लॅपटॉपवर आणि ओट्यावर.

आणखी एक नवी धास्ती आता आली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि त्यानंतर कोड लिहून देणारी यंत्रं हाताशी आली. ती उपयोगी आहेत, मीही वापरते. पण ती जे लिहितात ते दिसायला इतकं नेटकं असतं की आतली चूक सापडायला अनुभवी डोळाच लागतो. वरच्यांना वाटतं, यंत्र लिहितंय तर आता निम्म्या वेळात व्हायला हवं. लिहिण्याचा वेळ कमी झाला, तपासण्याचा वाढला, आणि तपासण्याचा वेळ कुणी धरत नाही. त्यात २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या मोठ्या कंपनीनं बारा हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या नि वरच्या जागांवरची माणसं जास्त असतील असंही सांगितलं. मधली-वरची म्हणजे पंधरा-वीस वर्षं अनुभवाची, घराचं कर्ज डोक्यावर असलेली, मुलं दहावी-बारावीत असलेली. म्हणून सुट्टीच्या दिवशीही ती काहीतरी नवं शिकत बसते. हौस म्हणून नव्हे. आपण मागं पडलो तर, या भीतीनं.

आता घराकडं येते. २०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक, नारायण मूर्ती, म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. त्यावर पेपरांत, टीव्हीवर महिनाभर चर्चा झाली. मी आमच्या दोघी-तिघींचा हिशेब मांडून बघितला. कंपनीचे पन्नास, आणि स्वयंपाक, मुलं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, सणवार धरले तर आम्ही सत्तरच्या पुढं कधीच गेलेल्या. पगार मात्र पन्नासाचाच.

घरून काम करणारीला दिवसात सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "अगं, घरीच आहेस तर जरा..." जरा सिलिंडर घे, जरा दूध तापव, जरा आत्याबाई आल्यात त्यांच्यापाशी बस. कुणाच्या मनात वाईट नसतं. समोर दिसणारं माणूस मोकळंच वाटतं. पण मघाशी सांगितलेली ती मण्यांची माळ आठवा. सिलिंडरला दोन मिनिटं लागतात आणि माळ परत ओवायला अर्धा तास. दिवसात असं सहा वेळा झालं की तीन तास गेले, आणि ते तीन तास ती रात्री जागून भरून काढते. मग सकाळी उठायला उशीर झाला म्हणून पुन्हा बोलणी.

मी लागले तेव्हा आम्ही सहा मुली एकाच दिवशी एका कंपनीत रुजू झालो. आज त्यातल्या तिघीच या कामात आहेत. बाकीच्या तिघी हुशारीत कमी नव्हत्या. एकीनं दुसऱ्या बाळंतपणानंतर सोडलं, एकीनं सासऱ्यांच्या आजारपणात, एक रोजच्या कटकटीनं खचली आणि राजीनामा दिला. पाच वर्षांनी तिला परत यायचं होतं. तोवर कामाची हत्यारं बदलली होती, तिच्या हाताखालची मुलं मॅनेजर झाली होती, आणि मुलाखतीत तिला कॉलेजच्या पोरांचे प्रश्न विचारले गेले. सोडणं एका दिवसाचं असतं, परत येणं वर्षांचं. म्हणून निर्णयाआधी दोन कामं करावीत असं मला मनापासून वाटतं.

पहिलं काम तिचं. महिनाभर रोज रात्री एका वहीत एकच ओळ लिहायची, आज जीव कशानं वैतागला? कामानं, माणसानं, वेळेनं की घरानं? महिन्यानं चार रकाने करून मोजायचं. 'काम' जास्त भरलं तर कदाचित टीम किंवा कामाचा प्रकार बदलून भागेल. 'माणूस' भरलं आणि तो एकच मॅनेजर निघाला, तर कंपनी बदलावी, धंदा सोडायची गरज नाही. 'वेळ' भरलं तर आठवड्यातले दोन सकाळचे पट्टे मीटिंगविना मागून घ्यावेत. अंदाज देताना कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे लेखी द्यावेत, आणि मधेच आलेला बदल कुणी, कधी सांगितला आणि त्यानं किती दिवस वाढले हेही लेखी ठेवावं. भांडणाच्या वेळी तोंडी काही चालत नाही. आणि 'घर' जास्त भरलं, तर राजीनाम्यानं ते सुटणार नाही. उलट मग चोवीस तास तेच.

दुसरं काम घराचं. दिवसातले दोन तास ठरवून द्या. त्या वेळात तिच्या दारावर टकटक नाही, सिलिंडरवाला आला तरी दुसरं कुणी बघेल. संध्याकाळची मीटिंग असेल तर त्या दिवशी भाकऱ्या कोण करणार ते सकाळीच ठरवा, आणि त्यात मुलाचं नि नवऱ्याचंही नाव घ्या. जिच्या घरी लहान बाळ आहे तिनं कायद्यानं काय मिळतं तेही माहीत करून घ्यावं. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि रजेनंतर कामाचं स्वरूप पाहून, मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूदही आहे. मागितल्याशिवाय हे ताटात येत नाही.

आणि एक सांगायलाच हवं. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येत असेल, पंधरा-पंधरा दिवस झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नुसतं टेन्शन म्हणून सोडू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर कुठल्याही वेळी फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडं जायला तर लाजूच नये.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर, म्हणजे तुम्ही घरीच असाल, रेडिओ बंद केल्यावर, त्या लॅपटॉपपुढच्या लेकीला किंवा सुनेला एक विचारून बघा. 'किती पगार वाढला' नको, 'कधी संपणार' तर नकोच. विचारा, "आज कुठं अडलं होतं गं?" तिनं सांगितलेलं सगळं समजेलच असं नाही. निम्मं डोक्यावरून जाईल. पण सांगता सांगता तिच्या तिलाच कधी कधी उत्तर सापडतं, हा माझा सतरा वर्षांचा अनुभव आहे. आमच्यातले पुष्कळ जण कोडातली चूक अशीच, कुणाला तरी समजावून सांगताना पकडतात. ऐकणाऱ्याला कॉम्प्युटर यावा लागत नाही. थोडा वेळ बसावं लागतं.